पुठ्ठ्याची हवल्ली

२८ सप्टेंबर १९९०, महाड

कुवेतहून परत येऊन आज अकरावा दिवस. या अकरा दिवसांत निम्मं महाड मला बघून गेलं. प्रश्न सगळ्यांचा एकच, "बाँब पडताना बघितलात?" नाही म्हटलं की चेहरे उतरतात. माणसं पार दादली पुलापलीकडून चालत आलेली असतात, त्यांना रिकाम्या हाताने धाडणं बरं दिसत नाही. म्हणून काल एकाला मी लहानसा बाँब दिला. आज जुम्म्याला मशिदीबाहेर तोच बाँब चांगला वाढून, अंगाने भरून मला पुन्हा भेटला.

खरं सांगायचं तर मी बाँब बघितला नाही. एका सकाळी खिडकी उघडली तर खाली रणगाडा उभा होता आणि त्याच्यावर बसलेला इराकी पोऱ्या बुर्‍हान पठाणाच्या बेकरीतला पाव खात होता. पुढच्या महिनाभरात दुकानं फुटली, गाड्या जळल्या, आमच्या समोरच्या इमारतीचा कोपरा उडाला. मग बस, बसरा, बगदाद, अम्मानच्या तंबूतले बारा दिवस आणि विमान.

अठरा वर्षं मी कुवेतच्या हवल्ली भागात दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अरबी मला वाचता येतं, समजत नाही; पाटी रंगवायला समजावं लागत नाही. दीड वर्षातून एकदा दीड महिना इथे यायचो. सगळे म्हणतात, नशीबवान आहेस अब्बास, सुखरूप घरी आलास. मी मान हलवतो. घरी आलोय खरा, पण या घरातलं दिव्याचं बटण मला अजून चाचपडावं लागतं. हवल्लीतलं हात न बघता शोधायचा.

हे हफिजाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगायच्या गोष्टी वेगळ्या असतात, असं मला वाटतं. नक्की माहीत नाही, सराव नाही.

१ ऑक्टोबर

अम्बरीन अकरावीत आहे आणि माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलते. "बाबा, अजून भात वाढू?" "बाबा, रेडिओ लावला तर चालेल?" गेल्या आठवड्यात तिने पहिल्यांदा बिनकामाचं काही विचारलं. "बाबा, तुमच्या खिडकीतून काय दिसायचं?"

कागदावर काढून दाखवायला गेलो. कागद पुरला नाही. मग चहाचं खोकं फाडलं.

चार दिवस तेच चाललंय. माणूस एका पेराएवढा धरला आणि त्या मापाने सगळं कापलं. बुर्‍हानची बेकरी, शेजारी इजिप्तहून आलेला मिसरी न्हावी, त्याच्यापुढे मलबारी कोयाचा चहा, समोर फिलिस्तिनी कापडवाला. आमची इमारत, तिसरा मजला, डावीकडची खिडकी. सगळं झाल्यावर लांबून बघितलं तर नगरपालिकेने मंजूर केलेल्या नकाशासारखं दिसत होतं. ओळखीचं काही नाही.

रागाने ब्लेड घेतलं आणि न्हाव्याचं शटर कापून एका बाजूने लोंबतं केलं. उदबत्तीने कापडवाल्याच्या भिंतीला भोकं पाडली, कडा जाळल्या. समोरचा कोपरा तोडला आणि खाली विटेचा चुरा टाकला. वाकलेल्या सळ्यांसाठी केरसुणीच्या काड्या, तुटलेल्या तारांसाठी काळा दोरा. आणि एकदम माझी गल्ली समोर आली. इतकी की मी खुर्ची मागे ओढली.

सावित्रीची वाळू चाळून रस्त्यावर पसरली. ती फार काळी आहे. तिथली वाळू फिक्या चहासारखी होती. हफिजा म्हणाली, "दोनदा धुवा, उजळेल." धुतली, उजळली. बाईला हे कसं माहीत, देव जाणे.

७ ऑक्टोबर

माणसं हवी होती. दिवाळी तोंडावर आल्याने बाजारात किल्ल्यांवर मांडायची मातीची चित्रं आली आहेत. चंद्राबाई टोपली घेऊन बसली होती.

"चाळीस मावळे दे. तलवारी नकोत."

"बिनतलवारीचा मावला मी कुठनं आनू भाई? घरी नेऊन मोडा. आनि किल्ला करतंय कोन, पोरगी?"

"मी."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एक गवळण टोपलीतून काढून पुडीत टाकली. "ही माज्याकडनं. तुमाला लागंल."

घरी आल्यावर तलवारी मोडल्या, पागोटी घासली, अंगरख्यांचे सदरे केले. एका ढालीचा उत्तम पाव झाला. हफिजा दारात उभी राहून बघत होती.

"ही माझी नमाजची खोली आहे. यांचे चेहरे नकोत."

"मग मी ओळखू कसं कोण कोण ते?"

"तुम्ही ओळखाल."

सँडपेपरने चाळीस चेहरे पुसले. आणि खरंच ओळखू येतात. बुर्‍हान एका खांद्याने वर असतो, कोया पोट पुढे काढून उभा राहतो. नाकडोळे म्हणजे माणसावर लावलेली पाटी. काम पाटीशिवाय भागतं.

हफिजाने तिचा नमाजचा मुसल्ला कपाटापाशी सरकवला. म्हणजे गल्लीसाठी जागा सुटली, पण मला वाटतं अडचण झाल्याचं दाखवायची तिची ही पद्धत.

१२ ऑक्टोबर

पोलादपूरहून राजेश आला, बापाला घेऊन. राजेश तिथे ट्रक चालवायचा; अम्मानच्या तंबूत आम्ही एका चादरीवर झोपलो. त्याचे वडील कुशाबा आयुष्यात आंबेनळी घाटाच्या वर आणि महाडच्या खाली गेलेले नाहीत, आणि त्यांचं काही अडलेलंही नाही.

कुशाबांनी गल्लीभोवती एक फेरी मारली. "ह्यो काय परकार? लोकं मोडलेलं घर बांधत्यात. तुमी बांधून मोडलंत?"

"तसंच होतं ते, बाबा."

"आसंल. पन मग सरळ मोडायचंच ना. आदी कशाला बांधलंत?"

राजेश मात्र गुडघ्यांवर बसला होता. "अब्बासभाई, मलबा चुकलाय. कोपरा पडला की आधी गच्चीवरची टाकी येते खाली. टाकी कुठाय?"

आयोडेक्सची रिकामी बाटली टाकी म्हणून आडवी घातली. मग त्याने विटेचा चुरा हाताने ओढला, रस्त्याच्या मधोमध वाट ठेवली. "इथनं आपण चालत गेलो. इथं तो म्हातारा बसलेला, सुटकेसवर. मी त्याला म्हटलं, चल बाबा. तो म्हणाला, मुलगा पाणी आणायला गेलाय." राजेश बोलत राहिला आणि चुरा सारखा करत राहिला. म्हातारा सुटकेसवरून उठला नाही. बस सुटली तेव्हा राजेशला तो मागच्या काचेतून दिसत होता.

कुशाबा म्हणाले, "येवडं झालं, नि मला का नाय सांगितलंस रं?"

"तुमी इचारलं कुठं? आल्याबरोबर म्हणालात, जेव."

हफिजाने चहा आणला आणि जाताना काडेपेटीचं एक खोकं राजेशच्या हाताशी ठेवलं. सुटकेससाठी.

१९ ऑक्टोबर

आळीच्या मंडळाची किल्ल्यांची स्पर्धा. राजेशने माझ्या नकळत आमचं नाव दिलं. रायगडच्या पायथ्याच्या गावात किल्ला सोडून दुसरं काही मांडणं म्हणजे अंगावर दगड ओढवून घेणं, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही अम्मानला बरे होतात, इथं आल्यावर घाबरायला लागलात."

परीक्षक काशीराम गुरुजी. चष्मा कपाळावर, वही हातात.

"हा कोणता किल्ला?"

"हवल्ली."

"बांधला कोणी?"

"मी."

"तसं नव्हे. मूळचा."

"कंत्राटदाराने."

"तटबंदी दिसत नाही."

"नव्हती गुरुजी. म्हणून तर."

गुरुजींनी वहीत लिहिलं: 'पडझड अधिक. डागडुजीस वाव.' मग वही मिटून बराच वेळ सुटकेसवाल्या म्हाताऱ्याकडे बघत उभे राहिले. "याला उन्हात का बसवलाय?" असं म्हणाले आणि माझ्या उत्तराची वाट न बघता गेले.

उत्तेजनार्थ मिळालं. पहिला नंबर सिंहगडाला. त्याच्यावर कारंजं होतं.

२२ नोव्हेंबर

आज सकाळी बघतो तर आमच्या इमारतीच्या दारात गवळण उभी. डोक्यावर घागर, चेहरा घासून साफ.

"हिला इथे कोणी ठेवली?"

"मी," हफिजा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आमच्या इमारतीत बाई नव्हती. सगळे एकटे पुरुष. एका खोलीत सहा."

"मला माहितेय नव्हती."

"मग?"

"मग काय. काढून ठेवा."

काढून ठेवली. खोटं ते खोटं. शिवाय गवळण इतर माणसांपेक्षा दीडपट उंच आहे. दारातून आत शिरलीच नसती. हफिजाला मापाचं भान नाही. दुपारी डाळ खारट होती.

२७ जानेवारी १९९१

दहा दिवसांपासून लढाई जुंपली आहे. आता खरे बाँब पडताहेत आणि पहिले चार दिवस आमच्या घरात जत्रा होती. ज्यांना महाडहून बिरवाडीची वाट सापडत नाही ते युद्धाचे जाणकार झालेत. ट्रान्झिस्टर कानाला, दुसऱ्या हाताचं बोट माझ्या गल्लीवर. "इथून अमेरिका घुसणार." "इथून कशी, मध्ये बेकरी आहे ना." एकाने सुचवलं, रोजच्या बातमीप्रमाणे गल्ली जाळत न्यावी, म्हणजे लोकांना नीट समजेल. दुसऱ्याने त्यासाठी काडीसुद्धा काढली.

त्याचा हात मी धरला. जरा जोरात धरला असावा.

"अब्बासभाई, पुठ्ठा आहे तो."

"तुझ्यासाठी," मी म्हणालो.

मंडळी गेली. हफिजाने दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून जो येईल त्याला ती उंबऱ्यातच सांगते, "ते झोपलेत." मी आतून ऐकतो. दिवसाढवळ्या इतका झोपणारा माणूस म्हणून माझी आता ख्याती आहे.

बुर्‍हान कुठे असेल? कोया? त्यांचे चेहरे आठवायला गेलो तर सँडपेपर फिरवल्यासारखे. खांदा आठवतो, पोट आठवतं.

३ मार्च

लढाई संपली. बाजारात कोणीतरी पेढे वाटले. कोण जिंकलं म्हणून, ते वाटणाऱ्यालाही सांगता येईना.

दुपारी घरी परतलो तर आत आवाज. शेजारची बनुबाई आलेली आणि हफिजा तिला गल्ली दाखवत होती. मी ओट्यावरच थांबलो.

"हे बघ, इथं ते चहा पितात. साखर कमी. शुक्रवारी इथं केस कापतात. ही त्यांची खिडकी. खिडकीत डब्यात पुदिना लावलाय. पत्र लिहायला या जिन्याच्या पायरीवर बसतात, खोलीत गोंगाट असतो म्हणून."

"गो, तू जाऊन आल्यावानी सांगतेस."

हफिजा हसली. मी तिला असं हसताना फार ऐकलेलं नाही.

पुदिन्याचा डबा! तो मी विसरूनच गेलो होतो. पंचाहत्तर सालची गोष्ट. एक उन्हाळा टिकला आणि वाळून गेला. हिला कोणी सांगितलं? राजेश तर तेव्हा शाळेत असेल.

संध्याकाळी बाटलीच्या झाकणात हिरवा दोरा चिकटवून खिडकीत ठेवला. हफिजाने पाहिलं.

१२ मे

मालकाचं पत्र आलं. दुकान पुन्हा सुरू करतोय, सगळ्या शहराच्या पाट्या जळाल्यात, तू ये. व्हिसा आणि १९ जूनचं तिकीट पाठवतो.

आठ महिने मी याच पत्रासाठी झुरत होतो, हे कबूल करायला इथे हरकत नाही. मग हातात आल्यावर मी ते पुन्हा पाकिटात का घातलं?

हफिजाला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

"कधी?"

"एकोणीस जून."

"बरं."

बस, एवढंच. 'जा' म्हणाली नाही, 'नका जाऊ' म्हणाली नाही. बहात्तर साली पहिल्यांदा निघालो तेव्हाही 'बरं' म्हणाली होती. मी पेपर वाचतोय असं दाखवत तासभर तिथेच बसलो. तांदूळ निवडून झाले. तिने तेच पुन्हा निवडायला घेतले. माणसाला अडवण्यापेक्षा खडे शोधणं हिला महत्त्वाचं.

तिने नको म्हटलं तर मी जाणार नाही. पण तिने म्हणायला हवं. आपण होऊन राहिलो आणि तिला तेच नको असलं तर? अठरा वर्षं तिने हे घर एकटीने चालवलंय. त्यात माझी खुंटीसुद्धा नाही. टोपी मी खिडकीच्या गजाला अडकवतो.

३० मे

राजेश माझ्या आधीच कुवेतला पोचला. त्याला डंपर मिळालाय. त्याचं पत्र:

'अब्बासभाई, तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मी लिहितो. आपल्या गल्लीचा मलबा उचलायचं काम माझ्याच गाडीला आलं. तुमची इमारत आणि समोरची, दोन्ही पाडल्या. चौदा खेपा झाल्या. आता सपाट आहे, गाड्या उभ्या करतात. बुर्‍हान पेशावरला गेला म्हणतात. कोयाचं कोणी सांगत नाही. टाकी सापडली. आपण ठेवली होती तशीच आडवी होती.'

पत्र दोनदा वाचलं. मग गल्लीसमोर बसलो. म्हणजे आता सगळ्या जगात ती या एकाच टेबलावर आहे, तीही थोडी वाळवी लागलेली.

मग मी परत जातोय ते कुठे?

४ जून

हफिजाने बॅग भरायला घेतली. काय तो सराईत हात! लोणच्याच्या बरणीला फडकं, फडक्यावर दोरी, सुकट वेगळ्या डब्यात म्हणजे कपड्यांना वास नको. भरताना तिला बघावंही लागत नाही. मला राग आला. कशाचा ते माहीत नाही.

"तुला चांगलाच सराव झालाय."

"तुम्हीच दिलात."

तिने बॅग बंद केली आणि गल्लीपुढे येऊन बसली. हे ती कधी करत नाही. उभ्यानेच पुसते, झटकते.

"इथं पाच वाजता काय असतं, सांगा."

मी सांगत सुटलो. बुर्‍हानची दुसरी भट्टी लागते. न्हावी दुकानासमोर पाणी मारतो, कापडवाला त्याला शिव्या देतो कारण ओघळ त्याच्या दाराशी जातो. कोया रेडिओ मोठा करतो. आमच्या जिन्यात कोणीतरी कांदा परततं. पंधरा मिनिटं मी बोलत होतो आणि ती ऐकत होती.

"आता आपल्या आळीत पाच वाजता काय असतं, सांगा."

मी तोंड उघडलं.

"पोस्टमन..." म्हणालो.

"पोस्टमन अकराला येतो. अठरा वर्षं अकराला येतो. मला विचारा."

"मग... चंद्राबाई?"

"ती बाजारात असते." हफिजाचा आवाज चढला नव्हता. "पाचला नळ येतो, कोपऱ्यावर. मी तिथं असते. नळासमोरची भिंत आहे ना, ती नवी आहे. जुनी पुरात पडली. अम्बरीन चौथीत होती, भिंतीला टेकून उभी होती. मी हाक मारली म्हणून दोन पावलं पुढे आली. दोनच."

"मला कधी लिहिलं नाहीस."

"लिहून काय केलं असतंत? पाटी रंगवली असती?"

मी उठून मोजायची टेप शोधायला लागलो.

९ जून

चार दिवस टेप घेऊन आळी मोजतोय. बनुबाई घाबरून बाहेर आली. "रस्ता रुंद करतायत का काय हो भाई? आमची पायरी जाईल काय?"

"नाही. पायरी किती इंच आहे ते बघतोय."

"आठ महिने घरात झोपलेला मानूस," ती आत कोणालातरी म्हणाली, "आता पायऱ्या मोजतंय."

हफिजाचं म्हणणं, आपल्या आळीला पुठ्ठा नको. इथल्या भिंती जाड आहेत, पुठ्ठा खोटा दिसेल. तिने रद्दी भिजत घातली, दोन दिवसांनी कुटली, मेथीची पूड घातली. टोपल्या लिंपायचा लगदा असतो तसा. अम्बरीनने बाही वर करून तो मळला. मला न विचारता माझ्या शेजारी बसली.

नळासमोरची भिंत करायला घेतली. मोडलेल्या भिंतींत आता माझा हात बसलेला आहे. विचारलं, "पडलेली करू?"

"उभी करा," हफिजा म्हणाली. "पडलेली मी बघितलेय."

१३ जून

लगदा वाळत नाही. बाहेर पाऊस, भिंतींना ओल. चुलीपाशी ठेवला तर तडा जातो, पंख्याखाली ठेवला तर बुरशी धरते. हफिजा म्हणते, याला ऑक्टोबरचं ऊन लागेल. इकडे विमान एकोणीसला. अर्धवट ओली आळी टाकून जाणं कारागिराला शोभत नाही. निव्वळ कामाची अडचण आहे. दुसरं काही नाही.

पोस्टात जाऊन मालकाला तार केली की येत नाही. खिडकीतला कारकून मला ओळखतो म्हणाला. मला वाटतं, मला सोडून सगळ्यांनाच तो ओळखीचा आहे.

"कारण काय घालू?"

"भिंत ओली आहे."

त्याने चष्म्यावरून बघितलं, आणि इंग्रजीत तसंच घातलं. कुवेतच्या वाळवंटात मालकाला याचा काय बोध होईल, अल्लाह जाणे.

घरी आलो तर लोणच्याची बरणी फळीवर होती. बॅग दिसली नाही. कुठे गेली ते मी विचारलं नाही. पोस्टात कशाला गेला होतात, ते तिने विचारलं नाही. पाच वाजले होते. हफिजा कळशी घेऊन उंबऱ्यात उभी होती. दुसरी कळशी मी उचलली. नळ भिंतीपासून नेमका किती फुटांवर येतो ते एकदा बघायचंच होतं.